कोरडा दिवस

बॅटरी एकदम पाण्यावर मारायची नाही.
आधी भिंतीवर, मग हळूहळू खाली उतरवायची.
उजेड पडला की त्या बुडी मारतात.
मुकादम बिराजदारांनी शिकवलं ते एवढंच,
बाकीचं दत्तनगरच्या मोऱ्यांनी.

सकाळपासून सत्तावीस घरं झाली.
बॅरल, घागर, रंगाचा डबा, फ्रिजमागचा ट्रे,
विडीची पानं भिजवलेलं घमेलं,
एका गच्चीवर तुटका कमोड, त्यात तुळस आणि चार बोटं पाणी.

पाणी पाचव्या दिवशी येतं.
कधी रात्री अडीचला. मग अख्खी गल्ली जागी,
मोटारी घुरघुरतात, पाइपा एकमेकींवरून जातात,
पोरांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा भरून ठेवतात.
आणि मी दारात उभी, पिवळा कागद वाचून दाखवत:
आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा.

पोशव्वा यन्नम हसली नाही.
विडीचा दोरा कचकन तोडला, म्हणाली,
"एकच?"

मुकादमांच्या उमेदीत
डास शोधायला आडावर जायचे, ओढ्यावर जायचे.
आता आड बुजवले, वर पार्किंगच्या फरश्या.
ओढा पाइपात घातला. सोलापूर स्मार्ट झालं.
गिरणीच्या जागी टॉवर उठतोय,
त्याच्या लिफ्टच्या खड्ड्यात
फ्लॅटवाल्यांच्या आधी ह्यांचा गृहप्रवेश.
हा डास गटारात जात नाही,
निवळलेलं पाणी बघून बसतो.
चावतो दिवसा; मागाच्या खडखडाटात
त्याची गुणगुण कुणाला ऐकू येणार?
काळ्या पायांवर पांढरे पट्टे,
मोजून टाकल्यासारखे. विणणाऱ्याच्या नजरेनं
दोन क्षण थांबावं, असे.

एप्रिलात पारा त्रेचाळीसला गेला
तेव्हा मला वाटलं होतं, आता मरतील.
मेले नाहीत, आत आले.
कुलरच्या ओल्या जाळीमागं, पलंगाखाली,
दोरीवरच्या शर्टाच्या काखेत.
उन्हाळा काढायला आपणच त्यांना जागा दिली.

पोशव्वाच्या बॅरलमध्ये होत्या.
स्वल्पविरामांसारख्या, वर खाली, वर खाली.
मी बॅरल कलता करायला हात घातला
तर ती, "नीळ्ळु पारबोयकु."
पाणी सांडू नको. एवढी तेलुगू मला आता येते.

गेल्या दिवाळीत तिची नागमणी
सिव्हिलला नऊ दिवस. पेशी उतरत उतरत वीस हजारांवर.
ह्या पाण्यात काय पोहतं, ते तिला
माझ्याहून जास्त माहीत आहे.
तरी दोनशे लिटर.
तरी आज दुसराच दिवस.

कागद म्हणतो, ओता.
तिनं आतून टॉवेल आणला, कारखान्यातला सेकंड, काठ चुकलेला.
दोघींनी दोन-दोन टोकं धरली,
नागमणी तांब्यानं ओतत राहिली,
घागरी भरल्या, पातेली भरली, पिठाचा डबासुद्धा.
टॉवेल पत्र्यावर उलटा झटकला. ऊन होतंच.

मग रिकाम्या बॅरलची कड घासायला घेतली.
अंडी पाण्यात नसतात, मी म्हटलं,
पाण्याच्या जरा वर, भिंतीला चिकटून असतात.
कोरडीच. कितीतरी महिने राहतात तशी,
पाणी येईल म्हणून.

तिचा काथ्याचा हात थांबला.
"त्यांना कोण सांगतं," ती म्हणाली,
"कधी येणार ते?"

फॉर्मवर रकाना आहे: पाणी ओतले, हो किंवा नाही.
मी मधल्या रेघेवर टिक केली,
दारावर खडूनं तारीख टाकली
आणि एकोणतिसाव्या घराची कडी वाजवली.